विचारा डॉक्टरबाईंना : साठ कुत्र्यांचा पसारा आहे, आता मला थांबायचंय

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार.

मी लातूरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, दोन वर्षांखाली रिटायर झाले. शाळेत पोरं 'बाई' म्हणायची, आता रिंगरोडच्या पलीकडे सगळे 'कुत्र्यावाल्या बाई' म्हणतात.

सुरुवात शाळेच्या मागे गाडीखाली आलेल्या एका कुत्रीपासून झाली. तिचं मागचं अंग गेलं होतं. तिला घरी आणलं. मग कुणीतरी पोत्यात पिल्लं आणून दारात ठेवली, मग फोन सुरू झाले. मिस्टरांच्या वाट्याची थोडी जमीन होती, तिथे पत्र्याचं शेड मारलं, जाळीचं कुंपण घातलं, बोअर घेतला. संस्था नोंदवली. आज साठेक कुत्री आहेत, त्यातली निम्मी म्हातारी.

2016 चा उन्हाळा मी विसरणार नाही. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. आमचा बोअर तर त्याच्या कितीतरी आधी आटला होता. टँकरवाल्याला वरचे पैसे देऊन मी कुत्र्यांसाठी टाकी भरून घ्यायचे. शेजारच्या बायका तोंडावर म्हणायच्या, 'माणसाला घोटभर न्हाई अन् बाई कुत्र्याला पाजायल्यात.' तेव्हा मी मागं सरले नाही. आता मात्र सरावंसं वाटतंय.

कंबर गेली आहे. कोंबडीचे पंजे आणि कणी शिजवलेलं भगुणं आता मला एकटीला हलत नाही. मिस्टरांना शुगर आहे, त्यांच्या जेवणाच्या वेळा मला सांभाळता येत नाहीत. लेक पुण्याला बोलावते, पण दुसऱ्या दिवशी फोन येतो आणि मी परतीच्या गाडीत बसते. येळवसीला (वेळ अमावास्येला) आमच्या शेतात अख्खं गणगोत जमतं, भज्जी-आंबील होते, आणि कित्येक वर्षं झाली, मी शेड सोडून गेलेले नाही.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा एकाने गाडीखाली आलेल्या पिल्लाचा व्हिडिओ पाठवला. मला काहीच वाटलं नाही. रडू आलं नाही, रागही आला नाही. मोबाईल पालथा ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. नंतर माझीच मला भीती वाटली.

एक मुलगा पाचेक वर्षांपासून मदतीला येतो. बी.एस्सी. झालाय, खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे. 'बाई, मी बघतो, तुम्ही घरी बसा,' म्हणतो. पण तापट आहे, हिशेब लिहीत नाही, आणि प्रत्येक गोष्ट इन्स्टाग्रामवर टाकतो. त्याच्या हातात कसं द्यावं? आणि लोक म्हणतील, बाईंची हौस फिटली. सोडावं का? सोडायचं तर कसं?

— लातूर (नाव छापू नये)

उत्तर : बाई,

सोडा. 'सोडावं का' याचं उत्तर तुमच्याच पत्रात तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी आलेलं आहे, त्यावर मी जागा घालवत नाही. 'कसं' यावरच बोलू.

त्याआधी त्या व्हिडिओबद्दल. 2022 साली गुरांच्या लंपी रोगाच्या साथीत आमच्या पशुसंवर्धन खात्यातली तरुण मंडळी पहाटेपासून गावोगाव लस टोचत फिरत होती. त्यातल्या एकाने एका रात्री मला फोन केला. म्हणाला, 'मॅडम, आज एका शेतकऱ्याचा बैल माझ्यासमोर गेला, तो माणूस धाय मोकलून रडत होता, आणि मी घड्याळ बघत होतो, कारण पुढच्या गावात लोक थांबले होते.' तो पोरगा निबर नाही. आजही तो दावणीला गेला की आधी जनावराच्या पाठीवर हात ठेवतो. त्याला झोप हवी होती आणि आठवडाभर कुणाचा फोन नको होता. तुम्हाला तर वर्षानुवर्षं ते मिळालेलं नाही. मी रिटायर झालेली गुराढोरांची डॉक्टर, मनाची नव्हे. झोप उडाली असेल किंवा ही अवस्था घरच्या माणसांबाबतही जाणवायला लागली असेल, तर लातुरात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, मिस्टरांची शुगर तपासायला जाल त्याच दिवशी तिकडेही जाऊन या. व्हिडिओ पाहून रडू आलं नाही म्हणून मात्र स्वतःला दगड समजू नका.

आता कामाचं. येत्या महिन्यापासून एकही नवं कुत्रं आत घ्यायचं नाही. पिल्लू नाही, आंधळं नाही, गाडीखाली आलेलंही नाही. बाकी सगळं याच्या मागून. तुम्ही म्हणाल, सोडायचंच आहे तर जाईपर्यंत दोन जीव वाचवले तर काय बिघडलं? हिशेब मांडा. गावठी कुत्रं वेळेवर लस, पोटभर अन्न मिळालं की बारा-तेरा वर्षं आरामात काढतं. तुम्ही साठीच्या आहात. आज घेतलेलं पिल्लू तुमच्या बहात्तरीपर्यंत जेवायला मागणार. दुसरं असं की शेडमधली बहुतेक साथ बाहेरून येणाऱ्या पिल्लाबरोबर आत येते. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाबाचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, साध्या फिनाईलने जात नाही, ब्लीचच्या पाण्याने फरशी धुवावी लागते आणि मातीची जमीन धुता येत नाही. आवक थांबली की सहा महिन्यांत तुमचा औषधांचा खर्च उतरलेला दिसेल. ज्याच्या हाती द्यायचं, त्याच्या हाती शांत शेड पडलं पाहिजे.

लोक ऐकणार नाहीत. पहिले दोन-तीन महिने रात्री फाटकाशी पोती येतील. फाटकावर एक दिवा आणि कॅमेरा लावा, आणि ठसठशीत पाटी : 'प्रवेश बंद आहे. प्राण्याला उपाशी-तहानलेलं बेवारस सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे.' खाली महानगरपालिकेचा नंबर. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. इतकी वर्षं तुम्ही फोन उचलत राहिलात, म्हणून तिकडचा फोन वाजलाच नाही. आता वाजू द्या.

एक सावधगिरी. 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात हलवायला आणि परत त्याच जागी न सोडायला सांगितलं आहे. म्हणजे गावोगावच्या पालिकांना आता जागा हवी आहे, आणि तयार शेड, बोअर, कुंपण असलेली माणसं त्यांना आठवणारच. कुणी गोड बोलून 'बाई, तेवढी वीस-पंचवीस ठेवून घ्या' म्हणायला आलं, तर चहा पाजा आणि परत पाठवा.

आहेत त्या साठांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर तेच आहे. तरुण, धडधाकट, माणसाळलेली दहा-पंधरा निघतील. त्यांना घरं मिळू शकतात, आणि घर म्हणजे शेतावरचं आखाड्यावरचं घरसुद्धा. औशाकडच्या द्राक्षबागांना, निलंग्याकडच्या मळ्यांना राखणीला कुत्रं हवंच असतं. फक्त नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याशिवाय देऊ नका, आणि साखळीला बांधून ठेवणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. काही शहाणे सुचवतील की राहिलेली एमआयडीसीत नाहीतर मांजरेच्या काठाला नेऊन सोडा, 'ती जगतात हो आपली आपण'. अजिबात जगत नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्याला त्याच्याच गल्लीत परत सोडायचं असा नियम आहे, कारण ती गल्ली त्याची असते. तुमच्या कुत्र्यांची गल्ली तुमचं कुंपण आहे. बाहेर पहिल्याच रात्री तिथली टोळी त्यांना फाडेल.

म्हातारी जिथे आहेत तिथेच राहतील. पाच-सहा वर्षांत ती आपापल्या वेळेला जातील, संख्या आपोआप उतरेल.

मला जास्त बोलायचंय ते तिसऱ्या गटाबद्दल. प्रत्येक आश्रमात एक कोपरा असतो, पाहुण्यांना दाखवत नाहीत तो. कंबरेतून गेलेली कुत्री तिथे गोणपाटावर असतात. मी असा एक कोपरा पाहिलाय, गाव सांगत नाही. एक काळी कुत्री, मागचे पाय वाळून काटक्या झालेले. लघवी दिवसातून तीनदा पोट दाबून काढावी लागायची, एखादी वेळ चुकली की ती आतच कुजायची. दोन्ही मांड्यांवर हाड दिसेल इतक्या खोल जखमा, त्यात उन्हाळ्यात आसाड्या, म्हणजे अळ्या. सांभाळणारी बाई रोज चिमट्याने एकेक आसाडी वेचून काढायची, हळद-तेल भरायची आणि मला म्हणायची, 'खाते हो अजून.' खात होती, खरंच. जेवणाचं ताट आलं की मान उचलायची. पण ताट गेल्यावर पुढचे बारा तास ती काय करत होती, ते मी शेजारी बसून पाहिलं. स्वतःच्याच मांडीला चावत होती.

तुमच्याकडे अशी दोन-चार असतील. त्यांच्याबद्दलचे निर्णय निघण्याआधी तुम्ही घ्यायचे, चांगल्या पशुवैद्यकाला शेजारी बसवून. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथल्या शस्त्रक्रिया विभागाला दाखवा. कुणाची जखम भरेल, कुणाला चाकाची गाडी लावता येईल, आणि कुणाला इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ द्यावं, हे ते सांगतील. ज्या कुत्र्यांना तुम्ही आणलंत, त्यांना शेवटचा हात तुमचाच लागावा. त्या पंचविशीतल्या पोराच्या गळ्यात पहिल्याच महिन्यात हे घालू नका. तो एक तर सगळ्यांना जगवत बसेल, नाहीतर स्वतःच मोडून पडेल.

पोराबद्दल. तापट आहे म्हणता. पाच वर्षं पगाराशिवाय कुत्र्यांची घाण काढतोय ना? मग तापट असू द्या. हिशेब त्याच्याकडून होणार नाही हे तुम्हाला आत्ताच दिसतंय, तर तो त्याच्याकडे देऊच नका. तुमच्या शाळेतल्या एखाद्या रिटायर गणिताच्या गुरुजींना खजिनदार करा, त्यांना काम हवंच असतं. इन्स्टाग्रामचं म्हणाल तर त्याला करू द्या. माझ्या नोकरीच्या काळात तालुक्याच्या दवाखान्यात कुत्रं घेऊन कोण यायचं, तर फौजदार नाहीतर एखादा सावकार, तेही अल्सेशियन. आज लातूरच्या क्लासेसची पोरं हॉस्टेलसमोरचं गावठी कुत्रं रिक्षात घालून आणतात, ती मोबाईलमुळेच. पण एक गोष्ट सक्तीने करून घ्या : त्याला आणि शेडवरच्या गड्याला चावण्याआधीची रेबीजची लस. पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा, 21 व्या किंवा 28 व्या दिवशी तिसरा. आणि चावल्यावर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन लगेच दवाखाना, हे भिंतीवर लिहा. हा कोर्स केलेल्यांनीही चावल्यावर पुढचे डोस घ्यायचे असतात. चावलेल्या जखमेत मिरचीपूड भरणारे महाभाग अजून आहेत आपल्याकडे.

मग वही. साठ कुत्र्यांची माहिती आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. कोण कुणाबरोबर एका जाळीत चालत नाही, कोण शेवटी खातं, फटाक्याला कोण कुंपण तोडतं, कुणाला मागच्या पावसाळ्यात गोचीडतापाच्या गोळ्या दिल्या, कोण डाव्या कानाला हात लावू देत नाही. शाळेच्या कॅटलॉगसारखी प्रत्येकाला एक पान द्या, फोटो चिकटवा, लसीची तारीख टाका. तुमचं अक्षर चांगलं असणार. महिनाभर रोज दुपारी बसलात तर होईल, आणि पोराला शेजारी बसवून लिहा.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण इथेच बऱ्याच संस्था अडकतात. संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदवलेली असेल, तर नुसता राजीनामा टेबलावर ठेवून चालत नाही. सभेत ठराव, नवा अध्यक्ष, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज. आपल्याकडे सात विश्वस्तांत दोन दीर, एक मेहुणा आणि एखादे वारलेले गृहस्थ असतात, ज्यांचं नाव कमी करायचं राहूनच जातं. तुमच्याकडेही तसं असेल तर विलंब माफीच्या अर्जासह तेही आत्ताच उरकून घ्या. ते मंजूर होऊन कागदावरचं नाव उतरत नाही, तोवर नोटीस तुमच्याच दारात येणार. बँकेच्या सह्या बदला. जमीन मिस्टरांची आहे, तेव्हा संस्थेला ती किती वर्षं आणि कोणत्या अटींवर वापरायला देताय हे वकिलाकडून लिहून, नोंदवून घ्या. तोंडी राहिलं तर उद्या मुलांमध्ये आणि संस्थेमध्ये भांडण ठरलेलं.

आणि फोन. नवं सिम संस्थेला देऊन जुनं स्वतःकडे ठेवाल, तर काहीही बदलणार नाही. अर्ध्या जिल्ह्याकडे तुमचा जुना नंबर आहे. पेन्शनचं खातं, आधार, गॅस, यूपीआय हे सगळं आधी नव्या नंबरवर न्या, आणि मग जुना नंबर मोबाईल कंपनीच्या नियमांत बसेल तसा रीतसर त्या पोराच्या हवाली करा. नवा नंबर लेकीला, सुनेला, डॉक्टरला. त्या पोरालाही पहिले तीन महिने देऊ नका. त्याला अडलं तर तो तुमच्या घरी येईल, घर त्याला माहीत आहे. घरी यावं लागलं की निम्म्या अडचणी वाटेतच सुटतात.

हे सगळं व्हायला वर्ष जाईल. ते होईपर्यंत रजा घेत चला, आधी एक दिवस, मग आठवडा. पहिली रजा येळवसीची घ्या. त्या दिवशी कणी कमी शिजली, कुणी अर्धपोटी राहिलं, एखादी जाळी उघडी राहिली, तरी शेतातून फोन करायचा नाही. आणि सोडल्यावर आठवड्यातून एकदा 'सहज' चक्कर मारायला जाणार असाल तर तेही नको. सुनेच्या हाती स्वयंपाकघर देऊन दारात उभं राहायचं आणि झाकणं उचलून बघायचं, हे आपण सगळ्यांनीच सोसलेलं आहे. तो डाळ-भात घालेल, भगुण्याऐवजी कुकर आणेल, राणीचं नाव बदलून रॉक्सी ठेवेल. ठेवू द्या.

लोक हौस फिटली म्हणतील. 2016 ला जे म्हणाले, त्यांचं तुम्ही काय केलंत?

घरी न्यायचंच असेल तर एखादं म्हातारं, दात पडलेलं न्या. एकच.

प्रश्न : मी परभणीत कृषी विद्यापीठाजवळ खोली करून राहते. आमच्या गल्लीतल्या कुत्रीला सहा पिल्लं झालीत. ज्या ताई पिल्लं घ्यायच्या, त्यांनी आता प्रवेश बंद केलाय. मी पिल्लं कुठे नेऊ?

— परभणी

उत्तर : कुठेच नेऊ नकोस, बाळा. आईजवळ आहेत तोवर ती सगळ्यात चांगल्या ठिकाणी आहेत. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू आजारीही लवकर पडतं आणि मोठेपणी चावरंही निघतं. त्या ताईंना मात्र दोष देऊ नकोस, वरचं पत्र वाच.

पिल्लांना बशीत गाईचं दूध ठेवण्यापेक्षा आईला खाऊ घाल : मेसमधली पोळी वरणात कुस्करून, जमलं तर एक अंडं, आणि पसरट भांड्यात भरपूर पाणी. घरमालकाला विचारून जिन्याखाली पोतं अंथर. तिसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध, वजनावर देतात, अंदाजाने नको. दीड-दोन महिन्यांची झाली की पहिली लस, तीन महिन्यांची झाली की रेबीजची. घरं शोधायला आत्तापासून लाग. दोन महिन्यांचं पिल्लू लोक नेतात, पाच महिन्यांचं कुणी नेत नाही. माद्यांचे फोटो आधी टाक, नर आपोआप जातात.

आणि पिल्लांनी दूध सोडलं की लगेच आईचं ऑपरेशन, नाहीतर सहा-सात महिन्यांत परत हेच. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. कुत्री धरून नेण्याआधी एकदा नुसती जाऊन केसपेपर कधी काढतात, ऑपरेशनचा वार कोणता आणि त्यानंतर किती दिवस आत ठेवावी लागते, ते विचारून ये. ते दिवस तिला ठेवायला तुझी खोली लागेल, तेव्हा घरमालकिणीशी गोड बोलायला आजच सुरुवात कर.